दोन इयत्ता पुढचा मार्गदर्शक

नववीच्या वर्गात बसलेल्या ज्या विद्यार्थ्यास अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्याची अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वर्ग मोठा असतो, शिक्षकांना अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, आणि पाचवी-सहावीत राहून गेलेला भाग नववीत विचारण्याची मुलास लाज वाटते. घरी विचारावे, तर अनेक आईवडिलांना तो विषय शिकण्याची संधीच मिळालेली नसते. मग तो फळ्यावरचे वहीत उतरवून घेतो, परीक्षेत मागे पडतो आणि हळूहळू शाळेपासून दुरावतो. अशा वेळी त्याच आळीत राहणारा, नुकताच दहावी वा बारावी झालेला एखादा युवक त्याच्या शेजारी येऊन बसला, तर त्या मुलाचे शिक्षण टिकू शकते. वयाने जवळचा असा मार्गदर्शक परिणामकारक कसा होतो, त्याला कोणती तयारी लागते आणि शाळेने व पंचायतीने त्याच्यामागे कसे उभे राहावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

जुनी रीत आणि तिचा धडा

थोरल्या मुलाने धाकट्यास शिकविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या मुलाचा हात थोरला मुलगा धरी. एकाने पाढा म्हणावा आणि इतरांनी तो मागून म्हणावा, ही पद्धतही सर्वत्र परिचित होती. दक्षिणेतील अशाच एका देशी शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे काढणारी मुले अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने पाहिली. मद्रासमधील एग्मोर येथे १७८९ साली सुरू झालेल्या अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था त्याच्याकडे होती. वाळूवर शिकविण्याची ही पद्धत आश्रमातील सहायक शिक्षक मनापासून स्वीकारीनात, तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे खालच्या वर्गाला मुळाक्षरे शिकविण्याचे काम दिले. त्या मुलाने ते यशस्वीपणे केले. बेलने हा अनुभव १७९७ साली लंडन येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि ही पद्धत ‘मद्रास पद्धती’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १७९८ च्या सुमारास जोसेफ लँकेस्टर या विशीतील तरुणानेही लंडनमध्ये याच तत्त्वावर शाळा चालविली. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले आणि त्यांना लहान लहान गटांत शिकविणारे विद्यार्थी-मॉनिटर, असे तिचे स्वरूप होते.

ही पद्धत काही दशके गाजली आणि मग मागे पडली. मागे पडण्याचे कारण आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिक्षकांवरील खर्च वाचविण्याचे साधन म्हणून तिचा वापर झाला. मॉनिटर स्वतः जे पाठ करून आला, तेच तो पुढे पाठ करून घेई. एखाद्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर त्याच्याजवळ उत्तर नसे. पुढे १८४६ साली इंग्लंडमध्ये शासनाने विद्यार्थी-शिक्षकांची नवी योजना आखली. तीत किमान १३ वर्षांच्या मुलास पाच वर्षांच्या उमेदवारीवर घेतले जाई, त्याला विद्यावेतन मिळे आणि मुख्य शिक्षकाने त्याला स्वतंत्रपणे रोज दीड तास शिकविणे बंधनकारक असे. तरुण शिकविणाऱ्याच्या मागे जाणता शिक्षक हवा, ही गोष्ट अनुभवाने पटल्याचेच हे द्योतक होते.

महाराष्ट्रात या संदर्भात सावित्रीबाई फुले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पुण्यातील भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे १७ वर्षांचे होते. वय लहान होते. परंतु जोतीरावांकडून घेतलेल्या शिक्षणाची शिदोरी त्यांच्याजवळ होती. तरुण वय शिकविण्याच्या आड येत नाही, तयारीचा अभाव मात्र येतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

अभ्यासांनी काय दाखविले

आधुनिक काळात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. १९८२ साली अमेरिकेत कोहेन व कुलिक दांपत्य यांनी विद्यार्थ्यांकडून विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शिकवणीविषयीच्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या ५२ अभ्यासांत परीक्षेतील प्रगती मोजली होती, त्यांपैकी ४५ अभ्यासांत शिकवणी मिळालेली मुले इतरांच्या पुढे होती. शिकविणाऱ्या विद्यार्थ्यांचाही त्या विषयात फायदा झाला होता.

आपल्याकडील उदाहरण मुंबई व बडोदा या शहरांतील ‘बालसखी’ उपक्रमाचे आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या या उपक्रमात वस्तीतीलच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी वर्गातील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना बाजूला घेऊन रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन व गणित शिकवी. तिला सुरुवातीस दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेले असे. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या गुणांत पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ झाली होती, आणि ती प्रामुख्याने बालसखीकडे बसलेल्या मुलांची होती. उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने ही वाढ बरीच ओसरली, हेही त्याच पाहणीत आढळले. अशी मदत उपयोगी पडते, परंतु तिच्यात सातत्य असावे लागते, हा यातील बोध होय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांस शिकविण्याचा पुरस्कार केला आहे; मात्र हे काम स्वेच्छेने, आनंदाने आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, अशी जोडही दिली आहे.

जवळच्या वयाचे बळ

अनुभवी शिक्षकाजवळ विषयाचे ज्ञान अधिक असते, यात शंका नाही. परंतु तीस वर्षांपूर्वी आपण कोठे अडखळलो होतो, हे त्याला आठवतेच असे नाही. दोन इयत्ता पुढे असलेल्या मार्गदर्शकास ती ठेच अजून आठवते. हेच त्याचे खरे भांडवल होय. मात्र ते वापरता आले पाहिजे. ‘हे तर अगदी सोपे आहे’ असे म्हणणारा तरुण हे भांडवल एका वाक्यात गमावतो. कारण जे सोपे आहे तेही आपल्याला येत नाही, एवढाच अर्थ समोरचा विद्यार्थी त्यातून घेतो.

परिणामकारक मार्गदर्शकाची पहिली कसोटी म्हणजे चूक वाचता येणे. एखाद्या मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले, तर ‘चूक; लसावि काढ’ असे सांगून उदाहरण सुटेल, गैरसमज सुटणार नाही. त्याने अंशात अंश व छेदात छेद मिळविला आहे. म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे, हे त्याच्या मनात ठसलेले नाही. अशा वेळी त्याला विचारावे, ‘अर्धी भाकरी ताटात आहे, तीत आणखी तिसरा हिस्सा वाढला. आता ताटात अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त आहे की कमी?’ तो ‘जास्त’ म्हणेल. मग ‘तुझे २/५ हे उत्तर अर्ध्याहून जास्त आहे का?’ असा दुसरा प्रश्न विचारावा. पाचाचा अर्धा भाग अडीच, आणि दोन हे अडीचपेक्षा कमी. तेव्हा भाकरी वाढूनही कमी झाली, ही विसंगती त्याची त्यालाच दिसते. त्यानंतर भाकरीचे सहा सारखे भाग कल्पावेत. अर्धी म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन भाग, एकूण ५/६. लसावि कशासाठी काढावयाचा, हे आता त्याला न सांगता कळलेले असते.

दुसरे नेहमीचे उदाहरण ऋण संख्यांचे. – ३ – ५ याचे उत्तर अनेक मुले + ८ असे लिहितात आणि ‘वजा वजा अधिक’ हा नियम पुढे करतात. तो नियम गुणाकाराचा आहे, किंवा ऋण संख्या वजा करतानाचा आहे. येथे तो लागू नाही. दुकानदाराचे तीन रुपये देणे होते, त्यात आणखी पाच रुपयांची उधारी झाली, तर देणे आठ रुपये होते, एवढे सांगितल्यास – ८ हे उत्तर समजते. भूमितीतही असेच घडते. पुस्तकातील काटकोन त्रिकोण नेहमी एकाच बाजूने काढलेला असल्याने, तो फिरवून काढला की मुलास कर्ण ओळखता येत नाही. कागदाचा त्रिकोण कापून हातात फिरविण्यास दिला, तर काटकोनासमोरची बाजू ती कर्ण, ही गोष्ट पक्की होते.

मान कसा मिळतो

वयात थोडेच अंतर असल्याने आपले ऐकले जाणार नाही, अशी भीती तरुण मार्गदर्शकास वाटते. मग तो आवाज चढवितो, किंवा उलट सर्वांशी थट्टामस्करी करून लोकप्रिय होऊ पाहतो. दोन्ही मार्ग फसतात. ‘सर’ म्हणवून घेण्याची गरज नाही. ‘दादा’ किंवा ‘ताई’ या संबोधनात आपुलकीही आहे आणि मानही आहे. तो मान टिकतो तो वेळेवर येण्याने, उदाहरणे आधी स्वतः सोडवून आणण्याने आणि दिलेला शब्द पाळण्याने. एखादा प्रश्न आला नाही, तर ‘हे मला आत्ता येत नाही, शाळेत विचारून परवा सांगतो’ असे सरळ म्हणावे आणि परवा ते खरोखर सांगावे. चुकीचे उत्तर ठामपणे देणाऱ्यावरील विश्वास एकदा उडाला की तो परत येत नाही.

काही वेळा शिकणारा वयाने मोठा असतो. शाळा सुटून पुन्हा परीक्षेस बसणाऱ्या १८ वर्षांच्या युवकास १६ वर्षांच्या मुलाने शिकवावे, असा प्रसंग येतो. त्याला इतरांच्या देखत प्रश्न विचारू नये. बाजूला बसून त्याची वही पाहावी. कोणास काय येत नाही, ही गोष्ट त्या ओट्याबाहेर जाता कामा नये. चावडीवर किंवा मित्रमंडळीत एखाद्याच्या चुकीचे हसे झाले, तर तो मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही.

एका तासाची आखणी

एका बैठकीस एक तास पुरेसा आहे, आणि त्या तासात एकच मुद्दा घ्यावा. आरंभीची दहा मिनिटे मागील वेळच्या भागावरील एकदोन उदाहरणे मुलास न पाहता सोडविण्यास द्यावीत. पुढील पंधरा मिनिटांत नवा मुद्दा एका सोडविलेल्या उदाहरणासह समजावून द्यावा. त्यानंतरचा अर्धा तास विद्यार्थ्याचा असावा. त्याने सोडवावे, प्रत्येक पायरी मोठ्याने सांगावी आणि मार्गदर्शकाने गप्प राहून ऐकावे. हे गप्प राहणे तरुण मार्गदर्शकास सर्वांत कठीण जाते. मुलगा अडला की पेन्सिल त्याच्या हातून घेऊन उत्तर लिहून देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शेवटच्या पाच मिनिटांत ‘आज काय शिकलास ते मला शिकव’ असे सांगावे. जे दुसऱ्यास सांगता आले, ते समजले असे मानण्यास हरकत नाही.

प्रत्येक मुलाची ‘चुकांची वही’ ठेवणे उपयुक्त ठरते. चूक कोणती झाली, का झाली आणि पुन्हा केव्हा झाली, एवढ्या तीन नोंदी पुरेत. एकच चूक तीनदा दिसली, तर ती बेफिकिरीतून झालेली नसून तेथे पाया कच्चा आहे, असे समजावे आणि ती वही शाळेतील शिक्षकांना दाखवावी.

शाळेने व पंचायतीने करावयाचे कार्य

या कामास मोठ्या निधीची आवश्यकता नाही, व्यवस्थेची मात्र आहे. ग्रामपंचायतीने वाचनालयाची खोली, समाजमंदिर किंवा शाळेचा एक वर्ग सायंकाळी उपलब्ध करून द्यावा. दिवे, सतरंज्या व एक फळा यांची तरतूद करावी. बैठक सदैव उघड्या व रहदारीच्या जागी असावी, मुली सुखरूप घरी पोहोचतील अशी वेळ ठेवावी आणि पालकांपैकी कोणी तरी तेथे उपस्थित राहावे. शाळा व्यवस्थापन समितीने मार्गदर्शकांची निवड करताना केवळ गुणपत्रिका न पाहता संयम व नियमितपणा पाहावा. शाळेतील एका शिक्षकाने आठवड्यातून एकदा या सर्वांना एकत्र बसवून चुकांच्या वह्या तपासाव्यात आणि पुढील आठवड्याची दिशा द्यावी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शिक्षकाची जागा रिक्त आहे म्हणून तेथे या युवकांना बसविणे ही पहिली. शेकडो मुले मॉनिटरांवर सोपविणाऱ्या शाळांची जी गत झाली, तीच येथे होईल. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अभ्यासावर घाला घालणे. आठवड्यास तीनचार तासांहून अधिक भार त्यांच्यावर टाकू नये, परीक्षेच्या काळात त्यांना मोकळीक द्यावी आणि शक्य असेल तेथे यथोचित मानधन द्यावे. गरीब घरातील हुशार मुलीने फुकट शिकवावे आणि त्यापायी तिचेच गुण कमी व्हावेत, हा न्याय नव्हे.

गावातील प्रत्येक आळीत दहावी-बारावी झालेले दोनचार युवक-युवती आज असतातच. त्यांच्याजवळ काल-परवाच ओलांडलेल्या वाटेची ताजी ओळख आहे. त्यांना थोडी तयारी, एक उजेडाची खोली आणि आठवड्यातून एकदा भेटणारा शिक्षक मिळाला, तर मागच्या बाकावर गप्प बसलेला मुलगा ‘मला हे समजले नाही’ असे निःसंकोचपणे म्हणू शकेल. त्याने तसे म्हणावे, यासाठीच ही सारी व्यवस्था उभी करावयाची आहे.