वर्षाची बेगमी

होळी सरली, की जालना जिल्ह्यात ऊन तापू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्याही वर चढतो. ओढे-नाले कोरडे पडतात. शिवारात सामसूम असली, तरी घराघरांतून मात्र मोठी लगबग चाललेली असते. ही लगबग वर्षाच्या बेगमीची होय. पुढे जे लागेल, ते आधीच तयार करून जपून ठेवणे, याला बेगमी म्हणतात.

कुरडयांचेच उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजत घालतात व रोज त्याचे पाणी बदलतात. मग तो वाटून व गाळून त्याचा पांढराशुभ्र चीक काढतात. पहाटेच चूल पेटते. उकळत्या पाण्यात मीठ व चीक घालून तो सारखा ढवळावा लागतो. हात थांबला, की गुठळी झालीच! शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर पिळतात. हे एकटीचे काम नव्हे. म्हणून आज एकीच्या अंगणात, तर उद्या दुसरीच्या, अशा शेजारणी जमतात. कोणी उडदाचे पापड लाटते, कोणी मुगाच्या डाळीचे सांडगे घालते. कावळे हाकलण्याचे काम मुलांचे आणि गरम चिकाची पहिली वाटीही मुलांचीच!

बुरशीला व जंतूंना वाढण्यासाठी ओलावा लागतो. तो गेला, की पदार्थ महिनोन् महिने टिकतो. जे ऊन ओढा आटवते, तेच ऊन अन्न टिकवते. जगात इतरत्रही अशी बेगमी होते. दक्षिण कोरियात कडाक्याच्या थंडीपूर्वी शेजारीपाजारी मिळून कोबी खारवून ठेवतात. त्यांच्या या प्रथेला २०१३ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मानाचे स्थान दिले.

परसात न्हाणीचे पाणी अळूला व केळीला जाते. वेलावरचा एखादा दोडका मुद्दाम न तोडता वाळू देतात. त्याचे बी पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवायचे असते. दुपारी सावलीत गोधडी शिवायला घेतात. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालतात. थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. फाटक्या वस्त्रांतून थंडीची बेगमी होते ती अशी.

परंतु घरच्या बेगमीलाही मर्यादा असते. १९७२ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील विहिरी आटल्या, पिके गेली. हजारो कुटुंबे खडी फोडण्याच्या व तलाव खोदण्याच्या कामावर गेली आणि सुकडीवर त्यांनी दिवस काढले. धान्यच पिकले नाही, तर डब्यात भरायचे काय? म्हणून पाण्याचीही बेगमी हवी, हे लोकांनी ओळखले. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे केली, शिवारात शेततळी खोदली आणि कोरडवाहू जमिनीत द्राक्षबागा फुलविल्या. आईने अंगणात केले, तेच गावाने शिवारात केले.

मुलांनो, कुरडई तळली, की क्षणात फुलते आणि क्षणात संपते. तिच्यामागे चार दिवसांचे कष्ट असतात. त्या कष्टांना कोणी वेतन देत नाही, पुष्कळदा कोणी त्यांची दखलही घेत नाही. यंदाच्या सुट्टीत सोऱ्या फिरविण्यास मुलग्यांनीही हात लावावा. काम करणाऱ्यालाच कामाची किंमत कळते.

अभ्यास
१. कुरडया करण्याची रीत क्रमाने सांगा.
२. ‘आईने अंगणात केले, तेच गावाने शिवारात केले,’ असे लेखक का म्हणतो?
३. तुमच्या घरी कोणकोणती बेगमी होते व ती कोण करते, हे विचारून दहा ओळी लिहा.