बॅरेट्स इसोफेगस : निदान आणि देखरेख

जठरातील आम्ल वर्षानुवर्षे अन्ननलिकेत चढत राहिल्यास नलिकेच्या खालच्या भागातील चपट्या पेशींचे अस्तर नष्ट होऊन त्या जागी आतड्यातील पेशींसारख्या स्तंभाकार पेशी निर्माण होऊ शकतात. या स्थितीस ‘बॅरेट्स इसोफेगस’ म्हणतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांच्या १९५० मधील लेखनावरून हे नाव रूढ झाले. ही स्थिती कर्करोग नव्हे. मात्र ॲडिनोकार्सिनोमा या कर्करोगाची ती पूर्वावस्था ठरू शकते.

निदान : या स्थितीचे स्वतंत्र असे लक्षण नसते. बदललेले अस्तर आम्लास कमी संवेदनशील असल्याने छातीतील जळजळ उलट कमीही होऊ शकते. त्यामुळे निदानासाठी एंडोस्कोपी व बायॉप्सी या दोन्हींची आवश्यकता असते. एंडोस्कोपीत लालसर अस्तर दिसते. त्याची लांबी २००६ च्या ‘प्राग’ निकषांनुसार नोंदवतात आणि दर २ सेंटीमीटरवर चार दिशांनी ऊतींचे नमुने घेतात. पेशींची रचना बिघडली आहे का, म्हणजेच ‘डिस्प्लेसिया’ आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरते.

देखरेख : अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्प्लेसिया नसल्यास ३ सेंटीमीटरपेक्षा कमी लांबीसाठी ५ वर्षांनी, तर त्याहून अधिक लांबीसाठी ३ वर्षांनी पुन्हा तपासणी करावी. सौम्य डिस्प्लेसियात एंडोस्कोपीद्वारे उपचार किंवा अधिक जवळच्या अंतराने तपासणी, हे पर्याय असतात. तीव्र डिस्प्लेसियात बाधित अस्तर एंडोस्कोपीद्वारेच काढून किंवा जाळून नष्ट करतात.

तपासणी कोणाची? डिस्प्लेसिया नसलेल्या रुग्णांत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण ०.५ टक्क्यांहून कमी असते. त्यामुळे जळजळ होणाऱ्या प्रत्येकाची एंडोस्कोपी करणे खर्चिक आणि अनावश्यक ठरते. दीर्घकालीन जळजळीबरोबरच पन्नाशीपुढील वय, पुरुष असणे, लठ्ठपणा, धूम्रपान, कौटुंबिक इतिहास यांसारखे धोक्याचे घटक एकत्र आढळल्यास तपासणीचा विचार केला जातो. केंब्रिज येथे विकसित झालेली, गिळून परत ओढून घेण्याची स्पंजची चाचणी हा अशी निवड सुलभ करण्याचाच प्रयत्न होय.

भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगात चपट्या पेशींपासून उद्भवणाऱ्या प्रकाराचे प्रमाण अधिक असून तंबाखू व मद्य ही त्याची प्रमुख कारणे आहेत. हा प्रकार बॅरेट्सच्या मार्गाने उद्भवत नाही. म्हणून पाश्चात्त्य देशांतील तपासणी-धोरण जसेच्या तसे न स्वीकारता, मर्यादित एंडोस्कोपी सुविधा निश्चित निदान झालेल्यांच्या नियमित देखरेखीसाठी उपलब्ध ठेवणे आणि तंबाखू नियंत्रणास अग्रक्रम देणे, हेच आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने अधिक हितावह ठरेल.