महाविद्यालय निवडण्यापूर्वीं आंकडे कसे वाचावे

शेतकरी पेरणीपूर्वीं चार गोष्टींची चौकशी करितो. बियाणें कोणतें, त्याची उगवण किती, खताला पैसे किती लागतील आणि आपल्या जमिनींत तें येईल कीं नाहीं, हें विचारल्यावांचून तो तिफण धरीत नाहीं. सोयाबीनच्या पिशवीवरील उगवणीचा टक्का पाहून घेणारा बाप आपल्या चाकूर तालुक्यांत घरोघरीं आहे. परंतु तोच बाप मुलाला महाविद्यालयांत घालतांना रस्त्यावरील फलक पाहून किंवा एखाद्या पाहुण्याच्या शब्दावर विसंबून निर्णय करितो. ज्यांत मुलाचीं चार वर्षें व घरची सारी शिल्लक घालावयाची, तेथील उगवणीचा टक्का कोणी विचारीत नाहीं. तो कसा विचारावा, हें आज आम्हीं सांगावयाचें योजिलें आहे.

यामागें आमच्या मनांतील एक खंत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत गणितांत फार हुशार असा एक मुलगा होता. दूरच्या शहरांतील एका महाविद्यालयांत त्याला प्रवेश मिळाला. शिक्षणशुल्काची तजवीज वडिलांनीं केली होती. पण खोलीभाडें, खानावळ, प्रवास, पुस्तकें यांचा हिशेब कोणीच केला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुलगा वळकटी घेऊन परत आला. अभ्यासांत तो कोठेंही अडला नव्हता. त्याचे गुण पाहून पाठ थोपटणाऱ्या आम्हां शिक्षकांपैकीं एकानें तरी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या वडिलांशेजारीं बसावयास हवें होतें. तें आम्हीं केलें नाहीं.

आंकड्यांची मातबरी आपल्या मराठवाड्यास नवी नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता व उच्च शिक्षणाची मोठी वाट १९१८ सालीं स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जात असे. आपल्याच गांवचे शिवराज पाटील चाकूरकर, जे १९९१ सालीं लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेही पदवीसाठीं हैदराबादेसच गेले होते. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं निघालें आणि नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं. तरीही राज्याच्या इतर भागांच्या मानानें आपण मागें आहों, ही तक्रार होतीच. १९८३ सालीं सरकारनें अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमिली. तिनें सिंचन, रस्ते, आरोग्य, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण अशा एकेका बाबतींत कोणता भाग किती मागें आहे, हें १९८४ च्या अहवालांत आंकड्यांनीं मांडिलें. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हांपासून सर्वांच्या तोंडीं झाला. जी आजवर तक्रार होती, तिला मोजमाप आलें आणि मोजमाप आलें म्हणून तिला उत्तर देणें भाग पडलें. राज्याच्या बाबतींत जें खरें, तें घराच्या बाबतींतही खरें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. महाविद्यालयाविषयीं तीन प्रश्न विचारावे: आंत जातां येईल काय? परवडेल काय? आणि पुरें होईल काय? या तिन्हींचीं उत्तरें आज संकेतस्थळांवर फुकट वाचावयास मिळतात.

पहिला प्रश्न प्रवेशाचा. देशांतील उच्च शिक्षणाची पाहणी केंद्र सरकार २०१०-११ पासून करीत आलें आहे. १८ ते २३ या वयाच्या लोकसंख्येशीं उच्च शिक्षणांत नांव असलेल्यांचें प्रमाण काढितात, त्यास ‘ढोबळ नोंदणी गुणोत्तर’ म्हणतात. २०२१-२२ च्या पाहणींत तें देशासाठीं २८.४ व महाराष्ट्रासाठीं ३५.३ होतें. अनुसूचित जातींचें देशांतील गुणोत्तर २५.९ व अनुसूचित जमातींचें २१.२ होतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०३५ पर्यंत ५० चें उद्दिष्ट ठेविलें आहे. मात्र राज्याची सरासरी म्हणजे आपल्या गांवची स्थिति नव्हे. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून कोणी डोहांत उतरत नाहीं; पुण्यामुंबईचा आंकडा आपल्या वाडीतांड्यावरील मुलीस लागू पडेलच असें नाहीं.

स्वतःपुरता अंदाज बांधण्यास दुसरें साधन आहे. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष प्रत्येक फेरीनंतर कोणत्या महाविद्यालयांत, कोणत्या शाखेंत, कोणत्या प्रवर्गाचा प्रवेश किती गुणांकावर थांबला याच्या याद्या प्रसिद्ध करितो. मागील दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या तर आपली जागा कोठें लागेल हें बहुधा कळतें. मग पसंतीक्रम भरतांना हात कांपत नाहीं.

दुसरा प्रश्न खर्चाचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरें. पण आधीं अंथरूण मोजावयास हवें. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांनीं किती शुल्क घ्यावें हें २०१५ च्या कायद्यान्वयें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें व तें प्रसिद्ध करितें. देणगीच्या नांवाखालीं प्रवेशासाठीं पैसे मागणें १९८७ च्या कायद्यानें गुन्हा आहे. हे दोन आधार हातीं असतां पालकांनीं दबून बोलण्याचें कारण नाहीं.

आतां एक उदाहरण करूं. आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. वार्षिक शुल्क ६०,००० रुपये, खोली व खानावळ ७२,००० रुपये, प्रवास व पुस्तकें १८,००० रुपये. बेरीज १,५०,००० रुपये. चार वर्षांचे ६,००,००० रुपये. ज्यानें केवळ शुल्क पाहिलें त्याच्या डोळ्यांसमोर २,४०,००० रुपयेच असतात. शुल्कांत निम्मी सवलत मिळाली तर चार वर्षांत १,२०,००० रुपये वांचतात, तरी ४,८०,००० उरतातच. आमच्या त्या विद्यार्थ्याचें घर याच फरकांत अडकलें.

सवलतींची माहितीही उघड आहे. ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर राज्याच्या शिष्यवृत्त्या एकत्र आहेत. वसतिगृहाबाहेर किंवा वसतिगृहांत राहणाऱ्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत पद्धतीनें व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळूं लागली. मुलींच्या आयांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. मात्र अर्जाचें नूतनीकरण दरवर्षीं करावें लागतें हें विसरूं नये.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा. किती मुलें आंत गेलीं हें सारे सांगतात. किती मुलें पदवी घेऊन वेळेवर बाहेर आलीं हें कोण सांगतो? अमेरिकेंत २०१५ सालीं सरकारनें एक तक्ता लोकांस खुला केला. त्यांत प्रत्येक महाविद्यालयाचा खर्च, पदवी पुरी करणाऱ्यांचें प्रमाण व पुढील मिळकत पाहतां येते. आपल्याकडे त्याच वर्षीं राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनाची योजना जाहीर झाली व २०१६ पासून क्रमवाऱ्या निघूं लागल्या. क्रमांक सर्व वाचतात. त्यामागील तक्ते कोणी वाचीत नाहीं. भाग घेणाऱ्या संस्थेस आपले आंकडे आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. पहिल्या वर्षास किती जणांनीं प्रवेश घेतला, नेमून दिलेल्या मुदतींत किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांस शुल्काची भरपाई मिळाली व नोकरी लागलेल्यांचें मध्यक वेतन किती, हें त्यांत असतें.

समजा, एका ठिकाणीं पहिल्या वर्षीं १२० विद्यार्थी आले व मुदतींत ८४ उत्तीर्ण झाले. प्रमाण ७० टक्के दिसतें. पण पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षांत आलेले २० जण निराळ्या रकान्यांत असतात. ते धरले तर १४० पैकीं ८४, म्हणजे ६० टक्के. म्हणून सर्व रकाने वाचावे.

‘मध्यक’ शब्दही समजून घ्या. पांच जणांचें वार्षिक वेतन २, २, ३, ३ व २० लाख असेल तर सरासरी ६ लाख होते. पण मधल्या माणसाचें वेतन ३ लाखच आहे. फलकावर २० लाखवाल्याचें चित्र असतें. आपला मुलगा बहुधा मधला असेल. शिवाय हा आंकडा नोकरी लागलेल्यांचाच असतो, न लागलेल्यांचा नव्हे.

जें महाविद्यालय या योजनेंत नाहीं, तेथें काय करावें? प्रथम कार्यालयांत जाऊन नम्रतेनें विचारावें. सरकारी व अनुदानित संस्थांकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें १० रुपये भरून अर्ज करितां येतो; सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणें त्यांस बंधनकारक आहे.

शेवटीं आमच्या स्वतःच्या कर्तव्याविषयीं. देशाची पाहणी दरसाल डोकीं मोजते. एकेका मुलाचा माग ती ठेवीत नाहीं. तो माग शाळेस ठेवितां येईल. दहावी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक तुकडीची एक वही करावी आणि एक, तीन व सहा वर्षांनीं कोण कोठें आहे, कोणाचें शिक्षण सुटलें व कां सुटलें, याची नोंद करावी. नांवें वहींतच राहावीं. बेरजा मात्र फलकावर लावाव्या, म्हणजे मागून येणाऱ्यांस खाचखळगे आधींच दिसतील.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस त्रैराशिक व टक्केवारी शिकविली ती केवळ परीक्षेसाठीं नव्हे. या उन्हाळ्याच्या सुटींत एका संध्याकाळीं आईवडिलांना शेजारीं बसवा, तीन महाविद्यालयांचीं नांवें कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढें प्रवेश, खर्च व पूर्तता असे तीन रकाने आंखून ते भरा. एखादा रकाना भरतां आला नाहीं, तर आम्हांकडे या. तो भरीपर्यंत आम्हीं तुमच्याबरोबर बसूं.