अंतःकरणातील जागृति आणि सोबत्यांचे कर्तव्य

मनुष्याच्या आयुष्यात केव्हा केव्हा असा काळ येतो की, कालपर्यंत ज्या गोष्टींत त्याचे मन रमत होते त्या त्यास नीरस वाटू लागतात. धंद्यात लक्ष लागत नाही, जेवणाची वासना राहत नाही. आपण कोण, कशासाठी जगतो, देव आहे की नाही, असे प्रश्न रात्रंदिवस छळतात. मध्येच विलक्षण आनंदाचे भरते येते व पुन्हा मन काळोखात बुडते. या स्थितीस कोणी वैराग्य म्हणतात, कोणी साक्षात्काराची पूर्वतयारी म्हणतात, आणि शेजारीपाजारी बहुधा वेड म्हणतात. अशा मनुष्याच्या घरच्यांनी, मित्रांनी व शिक्षकांनी त्याच्याशी कसे वागावे, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

विद्यार्थ्यांनी हा विषय वृद्धांचा म्हणून बाजूस सारू नये. अमेरिकेतील स्टारबक या मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली धर्मभावनेच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यात अशी अंतःकरणाची उलथापालथ विशेषेकरून किशोरवयातच होत असल्याचे त्यास आढळले. पुढे १९०१-०२ साली विल्यम जेम्स यांनी एडिंबरो येथे दिलेल्या व्याख्यानांत, या अनुभवांची परीक्षा त्यांच्या उगमावरून न करता जीवनात त्यांस येणाऱ्या फळांवरून करावी, असा विचार मांडला. तो आम्हांस फार उपयोगी वाटतो.

परंतु परदेशी पंडितांकडे जाण्याचे विशेष कारण नाही. आमच्या मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवरील गावांपासून देहू थोड्याच कोसांवर आहे, आणि आषाढीच्या सुमारास या मावळपट्टीतील किती तरी घरांतून माणसे त्या पालखीबरोबर चालू लागतात. ज्यांच्या पादुका त्या पालखीत असतात त्या तुकोबांचेच चरित्र या दृष्टीने पाहावे.

तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय व सावकारी होती. आईवडील वारले, थोरले बंधु सावजी संसार सोडून निघून गेले. त्यावर १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. दुकान बुडाले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतोबा गेला. एवढे आघात झाल्यावर मनुष्याचे जुने जग टिकत नाही. ते उठून भामगिरीच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवस त्यांनी तेथे काढिले, असे परंपरा सांगते.

आता या कथेतील दुसरी माणसे पाहा. कीर्तनात आपण तुकोबांकडे पाहतो आणि ते योग्यच आहे. पण आमचे लक्ष त्यांचे धाकटे बंधु कान्होबा यांच्याकडे जाते. त्यांनी भावास रानावनात शोधून काढिले. घरी आणल्यावर ‘पुन्हा दुकान मांड’ असा धोशा लावला नाही. तुकोबांनी लोकांकडील येण्याचे कर्जखतांचे कागद नदीत बुडविण्याचे ठरविले तेव्हा, माझ्या बायकामुलांस खावयास पाहिजे, असे कान्होबांनी स्पष्ट सांगितले. मग कागदांची निम्मी वाटणी झाली व तुकोबांनी आपला अर्धा भाग तेवढा इंद्रायणीत सोडिला. भावाची वाट त्यांनी अडविली नाही, आणि तिच्यासाठी आपली पोरे उपाशीही मारली नाहीत. असा समतोल राखणारे नातलग थोडे.

जिजाबाईंविषयी तर आम्हांस जरा आवेशानेच लिहावेसे वाटते. तुकोबांची ही दुसरी पत्नी कथेकऱ्यांनी कजाग म्हणून रंगविली, आणि श्रोते हसत आले. पण भंडाऱ्याच्या डोंगरावर पति भजनात बसला असता भाकरी बांधून उन्हातान्हात तो डोंगर कोण चढत असे? घरी मुले, घरात दाणा नाही, आणि तरीही त्यांना जेवू घातल्याशिवाय ही बाई जेवत नसे, असे त्याच कथा सांगतात. ती रागावत असे, रागावणारच! ज्याच्या मनात जागृति होते त्याच्या संसाराचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर येतो, ही गोष्ट चरित्रकार क्वचितच लिहितात. अशा मनुष्यास साह्य करावयाचे तर पहिले साह्य त्याच्या घरच्या माणसास करावे, असे आमचे मत आहे.

हीच गोष्ट अधिक जवळच्या काळात पाहावयाची तर नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे उदाहरण आहे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. पुढील दोन वर्षे त्यांच्या मनात जो झगडा चालला त्याचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेण्यात झाला. टिळकांस शांति मिळाली. पण नाशिकजवळ जलालपुरास बहिणीच्या घरी असलेल्या लक्ष्मीबाईंवर ती बातमी वज्रासारखी कोसळली. एकाची जागृति ती दुसऱ्याचे संकट झाली. त्या वेळी बहिणीने व तिच्या घरच्यांनी या बाईस व लहानग्या दत्तूस आसरा दिला. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर पतिपत्नी अहमदनगरास एकत्र राहू लागली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे व स्वयंपाक निराळाच ठेविला आणि टिळकांनी तो ठेवू दिला. राहुरीस असता, जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आपला आपणच उभा राहिला व त्याचे उत्तरही त्यांनीच शोधिले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे हसतखेळत सांगितले आहे. कोणाचा कोणता धर्म खरा हा आमचा येथील विषय नाही. दुसऱ्याच्या मनाची पहाट आपण कोंबडे आरवून लवकर आणू शकत नाही, हे टिळकांनी उशिरा का होईना ओळखिले, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

तेव्हा आपला वर्गबंधु किंवा घरचे कोणी अशा स्थितीत असेल तर प्रथम त्याचे बोलणे ऐकून घ्यावे. वाद घालू नये, थट्टा करू नये. आणि त्याच्या पाया पडून त्यास एकदम महाराजही करू नये. थट्टेने मनुष्य मिटून जातो. पूजेने तो फुगतो आणि मग परतीची वाट त्यास लाजेची वाटते. त्याच्या जेवणाकडे व झोपेकडे लक्ष ठेवावे. उपास, जागरणे व तासन्‌तास चाललेले ध्यान यांनी मन आधीच ताणलेले असते. त्यास गरम भात, थोडे अंगमेहनतीचे काम आणि सोबत यांचा जो उपयोग होतो तो ग्रंथांचा होत नाही. आमच्या भागात लावणीच्या दिवसांत खाचरात उतरण्याइतके दुसरे औषध क्वचितच सापडेल.

मात्र प्रत्येक अस्वस्थता ही जागृतीच असे समजणे घातक होय. मनुष्य रात्रींमागून रात्री झोपत नाही, अन्नपाणी सोडतो, कोणी आपणांस आज्ञा देत आहे असे सांगून स्वतःस अथवा दुसऱ्यास इजा करावयास निघतो, किंवा मरणाच्या गोष्टी बोलतो, अशा वेळी त्यास एकटे सोडू नये व डॉक्टरांकडे नेण्यास एक दिवसही लावू नये. पुण्यास येरवड्याचे सरकारी मनोरुग्णालय आहे. २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक साह्याची सरकारी मोफत दूरध्वनीसेवाही मिळते. भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणी मारहाण करू लागला तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे खेड्यापाड्यांतील आमच्या वाचकांनी घरोघर सांगावे. डॉक्टरांकडे नेले म्हणजे त्याच्या श्रद्धेचा अपमान झाला, असे मुळीच नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९४ च्या आपल्या निदानग्रंथात धार्मिक वा आध्यात्मिक अडचण ही रोगाहून निराळी गोष्ट म्हणून नोंदविली. तेव्हा जाणता डॉक्टर या दोहोंतील भेद पाहतो, आणि दोन्ही एकत्र असू शकतात हेही तो जाणतो.

हा काळ किती चालेल ते आधी सांगता येत नाही. कोणाचा आठवड्यात संपतो, टिळकांस दोन वर्षे लागली. मग एखादे दिवशी तो मुलगा आपण होऊन वही मागतो किंवा बैल सोडून शेताकडे निघतो. त्या दिवशी त्यास काही विचारू नये. वही द्यावी, आणि दुपारची भाकरी बांधावर पोचती करावी.