मार्मोसेट घ्यायचा? आधी पूर्ण खर्च मांडा

केळवे-चिंचणीच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट काढणाऱ्यांना किंवा बोईसरच्या बंगल्यात काहीतरी वेगळं पाळू पाहणाऱ्यांना मोबाइलवर मार्मोसेट या इवल्याशा परदेशी माकडाची जाहिरात दिसते. तिथली किंमत फक्त माकडाची असते. पुढचा खर्च असा:

कागदपत्रं: मूळ देशाचा सायटीस (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) निर्यात परवाना, भारताचा आयात परवाना, पशू विलगीकरण केंद्राचा दाखला आणि अशा प्राण्यांच्या नोंदणीच्या 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी. सगळीकडे प्रजातीचं शास्त्रीय नाव जुळतं का पाहा. ‘पेपर मागाहून देतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा मोडला तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; काही प्रजातींसाठी शिक्षा याहून कडक. प्राणी जप्त झाला की पैसेही बुडाले.

पाहुण्यांना दाखवायचा असेल तर: केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता हवी. तिच्याशिवाय ‘मिनी झू’ बेकायदा.

वीज: उन्हाविना मार्मोसेटला पुरेसं ड3 जीवनसत्त्व मिळत नाही, हाडं ठिसूळ होऊन वाकतात. म्हणून अतिनील दिवा लागतो. 100 वॅटचा दिवा रोज 12 तास म्हणजे महिन्याला 36 युनिट. 10 रुपये दर धरला तर 360 रुपये. दिवा पेटत राहिला तरी त्यातले अतिनील किरण महिन्यागणिक कमी होतात, तो वर्षाच्या आत बदलावा लागतो.

आजार: आपल्या ओठावर पुळ्या आणणारा हर्पिसचा विषाणू मार्मोसेटचा जीव घेतो. उलट, माकड चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी लागते. 1967 मध्ये युगांडाहून प्रयोगशाळांसाठी युरोपात आणलेल्या माकडांतून पसरलेल्या मारबर्ग या विषाणूने 7 जणांचा बळी घेतला होता.

वर्षं: मार्मोसेट बारा वर्षांहून जास्त जगू शकतो आणि तो कळपात राहणारा आहे. एकट्याला पिंजऱ्यात ठेवणं क्रूरपणाच.

परदेशी प्राणी जगवणं प्राणिसंग्रहालयालाही सोपं नसतं. मुंबईतल्या राणीच्या बागेच्या प्राणिसंग्रहालयात जुलै 2016 मध्ये सोलहून 8 पेंग्विन आले. डॉक्टर, वातानुकूलित जागा दिमतीला असूनही ऑक्टोबरात एक दगावला. घराच्या गॅलरीत आपण काय देणार?

आमचा सल्ला: घेऊ नका. आधीच घेतला असेल तर जंगलात सोडू नका. तो उपाशी मरेल किंवा रानातल्या माकडांना आजार देईल. डहाणू वन विभागाला किंवा वन खात्याच्या 1926 या हेल्पलाइनला कळवा.