आरशातली दोन माणसे

यान व्हॅन आइकने १४३४ साली रंगवलेले ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मागच्या भिंतीवर एक गोल, फुगीर आरसा आहे. बहिर्वक्र आरशात मोठी जागा लहान होऊन मावते, हे आपण विज्ञानात शिकलोच. म्हणून त्यात दांपत्याची पाठ, खिडकी आणि दारात उभी आणखी दोन माणसे दिसतात. म्हणजे आपण उभे आहोत तिथेच ती! आरशाच्या वर, यान इथे होता, अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. त्यामुळे त्यांपैकी एक चित्रकारच, असे पुष्कळजण मानतात. आम्हालाही तसेच वाटते. पण चेहरे इतके बारीक, की ओळख पटणे कठीण. दांपत्याच्या पायाशी असलेला कुत्रा मात्र आरशात नाही. विसरला, की मुद्दाम गाळला? भिंग घेऊन पाहा.