नवी मांजर आणि वाळूचा ट्रे

प्रश्न : महिन्याभरापूर्वी मांजरीचं पिल्लू घरी आणलं. दूध-पोळी देतो. शी पातळ होते आणि ट्रे सोडून कोपऱ्यात घाण करतं. काय करावं? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आधी दूध थांबवा. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाबाचं ते नेहमीचं कारण आहे. मांजर मांसाहारी आहे. तिला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य पोळी-भाकरीत नसतं. पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या. सोबत बिनमिठाचं उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन चालेल. बदल 7 ते 10 दिवसांत हळूहळू करा. काळ्या मसाल्याचा रस्सा अजिबात नको. त्यातला कांदा-लसूण मांजरांना विषारी असतो.

ट्रे शांत जागी, जेवणापासून लांब ठेवा. बारीक वाळू घाला, घाण रोज काढा. फिनेल वापरू नका, ते मांजरांना घातक आहे. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा.

जुलाब दोन दिवसांत थांबले नाहीत, रक्त दिसलं किंवा पिल्लू मलूल झालं, तर लगेच पशुवैद्यांना दाखवा. जंताचं औषध आणि लसीकरणही त्यांच्याच सल्ल्याने करा. बोका लघवीसाठी कुंथत असेल, तर एक दिवसही थांबू नका.